यंत्रघरांतील गोष्टी : ‘मूव्ह’ म्हणजे हलविणें नव्हे

जालन्याहून जिंतूरकडे जातांना देवगांव फाट्याशीं सेलूची वाट फुटते. सेलू, मानवत या कापसाच्या जुन्या पेठा. सरकी काढलेली रुई दाबून तिच्या सुमारें 170 किलोंच्या गाठी बांधतात. नव्या दाबयंत्रांवर आतां पुष्कळदां पी. एल. सी. हा नियंत्रक असतो. अमेरिकेंत 1969 च्या सुमारास डिक मॉर्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तो प्रथम सिद्ध केला.

त्याच्या आज्ञांपैकीं ‘मूव्ह’चें नांव मोठें फसवें आहे. एका कणगींतलें धान्य दुसरींत ओतलें म्हणजे पहिली रिकामी होते. येथें तसें नाहीं. पहिल्या कप्प्यांतील आंकडा जागच्या जागीं राहतो, त्याची नक्कल दुसऱ्यांत उतरते, आणि तेथें आधीं जें असेल तें पुसलें जातें. हिला ‘नक्कल’च म्हणावयास हवें होतें, असें आमचें मत आहे.

समजा, शेवटच्या तीन गाठींचीं वजनें जपावयाचीं आहेत. नवें वजन पहिल्या कप्प्यांत, पहिल्याचें दुसऱ्यांत, दुसऱ्याचें तिसऱ्यांत. आपण बोलतों त्याच क्रमानें आज्ञा लिहिल्या तर? नियंत्रक त्या वरून खालीं एकामागून एक पाळतो. 168 हें नवें वजन पहिल्यांत आलें. तेंच लागलीच दुसऱ्यांत गेलें, आणि तेंच तिसऱ्यांत! आधींचीं 171 व 169 नाहींशीं झालीं. म्हणून आरंभ शेपटाकडून करावा : प्रथम दुसऱ्याचें तिसऱ्यांत, मग पहिल्याचें दुसऱ्यांत, नवें वजन सर्वांत शेवटीं.

एवढ्यानेंही भागत नाहीं. नियंत्रक ही सारी यादी एका सेकंदांत कित्येकदां वाचतो. गाठ कांट्यावर स्थिरावल्याची खूण असेपर्यंत प्रत्येक फेरीस आज्ञा चालली, तर तीन फेऱ्यांतच तिन्ही कप्प्यांत एकाच गाठीचें वजन भरेल. यास्तव खूण उमटतांच आज्ञा एकदांच चालेल, अशी ‘पल्स’ची योजना करितात.

अशी चूक झाली तरी यंत्र थांबत नाहीं कीं ओरडत नाहीं. गाठी बाहेर पडतात, पडद्यावर आंकडेही दिसतात, आणि विक्रीचा हिशेब तर वजनावरच व्हावयाचा. घरांतील कोणी मुलगा वा मुलगी तंत्रनिकेतनांत हें शिकत असेल, तर त्यांस आणखी एक गोष्ट विचारून पाहावी. ऋण आंकडेही ठेवणाऱ्या सोळा बिटांच्या कप्प्यांत 32,767 पर्यंतच आंकडा मावतो. दिवसभराच्या वजनाची किलोंत बेरीज त्यांत ठेवूं लागलें, तर 170 किलोंच्या हिशेबानें 193 व्या गाठीलाच ती मर्यादा ओलांडते. मग शेजारचे दोन कप्पे जोडून दुहेरी ‘मूव्ह’ वापरावी लागते.