कॅन्ससमध्ये बघण्यासारखं काय आहे?

डेन्व्हरहून कॅन्सस सिटीला गाडीने निघायचं म्हटलं की अमेरिकेतली आपली मंडळी एकमुखाने सांगतात, विमानाने जा! आय-70 हायवेवर साडेनऊशेहून जास्त किलोमीटर नुसती शेतं आणि आभाळ, बघण्यासारखं काही नाही. आमच्या नातीने मात्र याच रस्त्यासाठी थांब्यांची यादी करायला घेतली. तिला जिओकॅशिंगचं वेड आहे.

आपले प्रवासातले थांबे पोट ठरवतं. मिसळ कुठे, चहा कुठे आणि त्यातल्या त्यात स्वच्छ बाथरूम कुठे, एवढं कळलं की नियोजन संपलं. नातीच्या खेळात थांबे ठरवतात अनोळखी माणसं. कुणीतरी एक डबा लपवून त्याचे अक्षांश-रेखांश ॲपवर टाकतो. इतरांनी जीपीएसच्या आधारे तो शोधायचा, आतल्या कागदावर नाव लिहायचं आणि डबा होता तिथेच ठेवायचा. आतली वस्तू घेतली तर त्याच तोलाची दुसरी ठेवायची.

खेळाची जन्मतारीखही पक्की ठाऊक आहे. अमेरिकी सरकारने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक 2 मे 2000 रोजी काढली आणि शंभरेक मीटर चुकणारी यंत्रं एकदम नेमकं बोलू लागली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर यांनी ऑरेगनमधल्या एका रानात काळी बादली ठेवली. तिच्यात पुस्तकं होती, बेचकी होती, बीन्सचा एक डबाही होता. त्याच महिन्याच्या 11 तारखेला कॅन्ससमधल्या मिंगोपाशी ठेवलेला डबा आजही खेळात आहे. चालू डब्यांमध्ये तो जगात सगळ्यात जुना, आणि तो आहे याच आय-70 च्या कडेला. म्हणजे यादीतलं पहिलं नाव आधीच ठरलेलं होतं.

खरं काम पुढे होतं. ॲपवर रस्ता टाकला की दोन्ही बाजूंना ठिपक्यांचा सडा पडतो. सगळीकडे थांबायचं तर माणूस महिनाभर पोचायचा नाही. म्हणून नियोजन म्हणजे मुख्यतः काट मारणं. प्रत्येक डब्याला दोन अंक असतात, शोधायला किती कठीण आणि पोचायला किती कठीण, एक ते पाच. पोचण्याचा अंक एक असेल तर व्हीलचेअरनेही जाता येतं. "आजी, तुझ्या गुडघ्यांसाठी दोनपर्यंतच," असं म्हणत नातीने निम्मी यादी उडवली. मग आधीच्या लोकांच्या नोंदी. शेवटचे तीन-चार जण ओळीने 'सापडला नाही' म्हणत असतील, तर डबा बहुधा जागेवरच नाही, काट.

त्यानंतर जावयाने लक्ष घातलं. नकाशावर डबा हायवेपासून दोनशे मीटरवर दिसतो, पण मध्ये कुंपण असतं आणि बाहेर पडायची वाट पुढे बऱ्याच मैलांवर. हायवेच्या कडेला गाडी उभी करायची मुभा फक्त अडचणीच्या वेळी, आणि डबा शोधणं ही अडचण आहे हे पोलिसांना पटणं कठीण. म्हणून ठिपक्याऐवजी एक्झिट बघायची आणि जमलं तर तिथेच पेट्रोल भरून घ्यायचं. शिवाय पूर्वेकडे जाताना गुडलंडच्या पुढे घड्याळ एक तास पुढे सरकतं. तो तास वजा केल्यावर आणखी दोन थांबे गळाले.

उरलेल्यांतला एक डबा होता एका दुकानाच्या पार्किंगमध्ये. दिव्याच्या खांबाच्या बुडाशी बोल्ट झाकणारं पत्र्याचं चौकोनी खोकं असतं, ते नुसतं वर सरकतं. नातीने आधी इकडेतिकडे पाहिलं, कारण न खेळणाऱ्यांच्या देखत डबा काढायचा नाही असा दंडक आहे. पत्रा किंचाळत वर गेला आणि आत निघाली फोटोच्या रोलची काळी डबी, जिच्यात आम्ही प्रवासाला हळद-कुंकू न्यायचो. आत सुरळी केलेला दमट कागद, त्यावर दाटीवाटीने सह्या. नात खूश. मला प्रश्न पडला, इथे का थांबलो आपण?

असं नुसतंच थांबण्याचं टोक म्हणजे नेवाडातला 'एक्स्ट्राटेरेस्ट्रियल हायवे' नावाचा रस्ता. तिथे हजाराहून जास्त डबे ओळीने पेरलेले आहेत. दोन डब्यांत किमान 161 मीटर अंतर हवं हा नियम, ते संपलं की पुढचा हजर. लोक दिवसभर उतरतात, सही करतात, पुन्हा चढतात. आकडा फुगतो, पण बाकी काय हाती लागतं कोण जाणे.

मला या खेळातला दुसराच नियम आवडला. डब्याची देखभाल मालकाला करावी लागते, म्हणून सुट्टीवर आलेल्या पाहुण्याने जाता जाता डबा ठेवणं सहसा मान्य होत नाही. म्हणजे डब्यामागे बहुधा तिथला, नाहीतर जवळपासचा माणूस असतो. मोठी गावं आपली जाहिरात करतातच. गुडलंडने तर 80 फुटी इझलवर व्हॅन गॉगची सूर्यफुलं उभारली आहेत. ती हायवेवरूनच दिसतात. पण ज्या वळणाची जाहिरात कुणीच करणार नाही, तिथे 'गाडी थांबवा' म्हणणारा हा एकटा माणूस. असं म्हणायला त्याच्यापाशी काही कारण आहे का, एवढंच तपासायचं.

म्हणून परतीच्या यादीसाठी मी नातीला माझी चाळणी दिली. डब्यासोबत मालकाने लिहिलेला मजकूर आधी वाचायचा. इथे पूर्वी शाळा होती, इथून धान्याच्या गाड्या सुटायच्या, असं चार ओळींचं का होईना काही लिहिलं असेल तर थांबायचं. नुसते आकडेच असतील तर काट. यादी फार आखूड होते, अशी तिची तक्रार आहे. जावयाची नाही.