पंधरा वर्षांचं पोरगं बालक आहे की नाही?

दिवाळी झाली की आमच्या गावाबाहेर ऊसतोडीच्या कोप्या पडतात. परवा तिथलं एक पोरगं वाढं विकायला दारात आलं. वय विचारलं, तर पंधरा. शाळा? "आठवीनंतर सोडली. आता आईबापाबरोबर मोळ्या बांधतो." मुकादमाला छेडलं, तर उत्तर तयार: "चौदा पूर्ण झालेत की त्याला. कायद्यात बसतं."

मंडळी, वाईट याचंच वाटतं की त्याचं फारसं चुकलेलं नाही.

भारताने ११ डिसेंबर १९९२ ला संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार स्वीकारला. त्यात अठराखालचं प्रत्येक मूल बालक. पण आपल्याकडे असा करार आपोआप कायदा होत नाही, संसदेला तो करावा लागतो. तो आपण तुकड्यातुकड्यांत केला. २०१२ चा पॉक्सो घ्या, २०१५ चा बाल न्याय कायदा घ्या. दोन्हींच्या प्रस्तावनेत या कराराचा उल्लेख आहे, दोन्हींत बालक म्हणजे अठराखालचा. (सोळा ते अठरामधल्यांनी घोर गुन्हा केला तर त्यांना मोठ्यांसारखं उभं करायची सोय मात्र तिथेही ठेवलीच.)

आता शिक्षणहक्क कायदा काढा. सहा ते चौदा! बालमजुरीचा कायदा, २०१६ च्या दुरुस्तीसकट? चौदाखाली बंदी, पण शाळा सुटल्यावर घरच्या धंद्यात 'मदत' चालते. चौदा ते अठरा, फक्त धोकादायक कामांना मनाई. फडातलं काम त्यात बसतं का, यावर वाद घालेपर्यंत हंगाम संपतो. म्हणजे जिथे सरकारला वर्ग बांधायचे, शिक्षक नेमायचे, तिथे बालपण चार वर्षं आधीच संपवलं.

"गरिबाने खायचं काय?" असं कुणीतरी विचारणारच. अहो, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल त्यांच्या नावावर. पोराचं नाव कुठल्याच वहीत नाही. तो राबतो तो ती उचल फिटावी म्हणून.

एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. बालमजुरी कायद्यातलं बालकाचं वय म्हणजे चौदा किंवा शिक्षणहक्क कायद्यातलं वय, यांतलं जे जास्त ते. शिक्षणहक्कातला चौदाचा आकडा अठरा केला, तर दुसरा कायदाही आपसूक बदलतो!

मी आपल्या खासदारांना एवढंच मागणारं पत्र लिहिलंय. कुणाला सही करायची असेल तर रविवारी सकाळी पारावर या. त्या पोरालाही बोलावलंय, पण त्या दिवशी गाडी भरायची असेल तर तो यायचा नाही.