हौशी वादकाने विमा कंपनीला सांगितलेच पाहिजे

ब्रिटनमधल्या पबांत शुक्रवारी-शनिवारी रात्री जे वाजवतात, त्यांतले बरेचसे दिवसा दुसरेच काही करत असतात. कुणी शाळेत शिकवतो, कुणी बॉयलर दुरुस्त करतो, कुणी कौन्सिलच्या कचेरीत कारकुनी करते. डायर स्ट्रेट्सचे १९७८ सालचे ‘सल्टन्स ऑफ स्विंग’ हे अशाच नोकरी सांभाळून वाजवणाऱ्यांवरचे गाणे. जवळपास रिकाम्या पबात वाजवत बसलेला एक जॅझ बँड पाहून ते मार्क नॉफ्लरला सुचले. गाणे जगभर गेले, पण त्या मंडळींपुढचा एक व्यावहारिक प्रश्न अजून तिथेच आहे. महिन्यातून एकदोनदा पबात वाजवून थोडे पैसे घेतो, हे गाडीच्या आणि घराच्या विमा कंपनीला सांगायचे का?

हौशी वादकांत याचे उत्तर बहुधा ‘कशाला सांगायचे?’ असेच मिळते. असे म्हणणारे लबाड नसतात. त्यांच्याकडे कारणे असतात, आणि काही कारणांत तथ्यही असते. म्हणूनच ती आधी नीट ऐकून घ्यायला हवीत.

सगळ्यात आवडता मुद्दा हौसेचा. चौघांच्या बँडला पबमालक रात्रीचे दोनशे पौंड देतो असे धरू. प्रत्येकाच्या वाट्याला पन्नास. त्यातून पेट्रोल, गिटारच्या तारा, ड्रमच्या काठ्या आणि सरावाच्या खोलीचे भाडे वजा केले की हाती काय उरते? याला धंदा कसा म्हणायचा? हिशेब खरा आहे, पण विम्याचा करार नफ्यातोट्यावर उभा नसतो. गाडी कशासाठी वापरली, यावर तो उभा असतो. ब्रिटनमधल्या साध्या मोटर पॉलिसीत वापराचा प्रकार लिहिलेला असतो: सामाजिक, घरगुती आणि मौजेखातर, घेतले असेल तर जोडीला नोकरीच्या एका ठरलेल्या ठिकाणी जाणे-येणे. त्यापलीकडचा कामाचा वापर ‘बिझनेस यूज’मध्ये जातो आणि तो वेगळा मागून घ्यावा लागतो.

आता शनिवारी संध्याकाळी ड्रमरची गाडी पाहावी. मागची सीट आडवी पाडलेली, तिच्यावर बेस ड्रम, त्याच्या पोटात कोंबलेली घोंगडी, सीटखाली स्टँडच्या लोखंडी नळ्या, झांजांची पिशवी दाराला टेकवलेली. पुढे बासिस्ट मांडीवर अ‍ॅम्प घेऊन बसलेला. हा माणूस तीस मैलांवरच्या पबात, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मोबदल्यासाठी निघाला आहे, आणि मध्यरात्र उलटल्यावर दमलेल्या अंगाने तीच भरलेली गाडी हाकत परतणार आहे. विमा कंपनीने ‘मौज’ म्हणून ज्या जोखमीची किंमत लावली, ती ही जोखीम नव्हे.

इथे एक बारकावा नेहमी निसटतो. बासिस्टने लिफ्टबद्दल दिलेले पेट्रोलचे पैसे वेगळे आणि पबमालकाने वाजवण्याबद्दल दिलेले पैसे वेगळे. गाडीत सोबत येणाऱ्यांनी खर्च वाटून घेतला आणि चालकाने त्यातून नफा काढला नाही, तर तो भाडोत्री प्रवास ठरत नाही. १९८८ च्या रोड ट्रॅफिक अ‍ॅक्टमध्येच तशी सोय आहे. बरेच वादक ही सवलत कानावरून गेलेली असल्याने ती गिगच्या मानधनालाही लावून मोकळे होतात. करमाफीचेही तसेच. २०१७ पासून वर्षाला हजार पौंडांपर्यंतच्या किरकोळ व्यावसायिक उत्पन्नावर कर भरावा लागत नाही. म्हणून ‘करखाते ज्याला उत्पन्न धरत नाही त्याला विमा कंपनी कशी धरेल?’ असा युक्तिवाद होतो. पण करखाते रक्कम पाहते आणि विमा कंपनी जोखीम पाहते. पन्नास पौंडांच्या गिगला जातानाही गाडी तेवढीच जोरात आदळू शकते.

परवान्याबद्दलचा गैरसमजही याच जातीचा आहे. एके काळी इंग्लंडमधल्या पबात दोनपर्यंत कलाकार करमणुकीच्या परवान्याशिवाय वाजवू शकत. तिसरा उभा राहिला की परवाना लागे. २००३ च्या लायसन्सिंग अ‍ॅक्टने तो नियम मोडीत काढला. पुढे २०१२ च्या लाइव्ह म्युझिक अ‍ॅक्टने इंग्लंड आणि वेल्समधल्या मद्यपरवाना असलेल्या जागांना सकाळी ८ ते रात्री ११ या वेळेत, दोनशेपर्यंत श्रोत्यांसमोर, ध्वनिवर्धक लावूनही वेगळ्या परवान्याविना संगीत करायची मुभा दिली. २०१५ मध्ये ही मर्यादा पाचशेवर गेली. छोट्या पबांसाठी आणि छोट्या बँडसाठी हा फार चांगला कायदा आहे. मात्र त्याने परवान्याचे ओझे उतरवले, नुकसानभरपाईची जबाबदारी नव्हे. कौन्सिलची परवानगी लागत नाही म्हणून बँडच्या वायरीत पाय अडकून पडलेल्या बाईचा मोडलेला हात कुणी फुकट बसवून देत नाही.

‘पबचा विमा असतोच की’ हे उत्तर लगेच येते. असतो, पण तो पबचा असतो. डार्ट बोर्डखालच्या कोपऱ्यात बँड उभा राहतो, मिक्सरपासून स्पीकरपर्यंतची वायर बाथरूमकडे जाणाऱ्या वाटेवरून जाते, आणि तिच्यावर चिकटपट्टी मारायची की नाही हे बँड ठरवतो. निष्काळजीपणा बँडचा असेल तर जखमी माणूस बँडवर दावा लावू शकतो; पबच्या विमा कंपनीने आधी भरपाई दिली, तरी ती रक्कम बँडकडून वसूल करायला येऊ शकते. वायरीपेक्षा वीज भयंकर. १९७२ च्या मे महिन्यात स्वान्झीच्या टॉप रँकमध्ये स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून मंचावरच गेला. तो व्यावसायिक होता, मागे मोठा बँड होता. घरी सोल्डर केलेल्या वायरी आणि लिलावातून आणलेले जुने अ‍ॅम्प घेऊन पबात जाणाऱ्या हौशी वादकाला हा धोका कमी असतो, असे कुणी म्हणू शकेल का?

‘त्यांना कळणार कसे?’ हा मुद्दा खोडायला फार शब्द लागत नाहीत. पबच्या दारावर पोस्टर असते, बँडच्या पानावर पुढच्या तीन महिन्यांच्या तारखा असतात, आणि रात्री साडेबाराला ठोकलेल्या गाडीच्या मागच्या भागात ड्रमचा संच असतो. दाव्याची चौकशी करणारा पहिलाच प्रश्न विचारतो: कुठून येत होतात?

हप्ता वाढेल ही भीती मात्र खरी आहे, तिची टवाळी करू नये. अर्जात व्यवसाय म्हणून ‘संगीतकार’ लिहिले की मोटर विम्याचा दर चढतो, काही कंपन्या तर नाहीच म्हणतात. रात्रीचा प्रवास, महागडे सामान, सतत नवी ठिकाणे हे सगळे त्या एका शब्दाबरोबर येते. पण शाळेत शिकवणाऱ्याने स्वतःला संगीतकार म्हणवून घ्यायची काहीच गरज नाही. त्याचा मुख्य व्यवसाय शिक्षकाचा. अर्धवेळ काम आहे का, असा वेगळा प्रश्न अर्जात असेल तर तिथे खरे उत्तर द्यायचे. नसेल तर कंपनीला विचारायचे, की महिन्यातून अमुक वेळा मानधनावर वाजवायला जातो, माझा आत्ताचा वापराचा प्रकार याला पुरतो का? कंपन्यांची उत्तरे सारखी नसतात. कुणी ‘चालेल’ म्हणते, कुणी बिझनेस यूज जोडून थोडे पैसे जास्त घेते, कुणी नकार देते. नकार आला तर दुसरी कंपनी शोधता येते, पण ती अपघाताच्या आधी. नंतर नाही.

आता सगळ्यात वजनदार युक्तिवाद, कायद्याचा. तो करणारे अभ्यासू असतात, म्हणून त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवे. त्यांचे म्हणणे असे: विचारले नाही ते सांगायची सक्ती ब्रिटनमध्ये आता उरलेलीच नाही.

इतिहास त्यांच्या बाजूने आहे. सुमात्रा बेटावरच्या बेनकुलेन इथल्या फोर्ट मार्लबरोचा गव्हर्नर जॉर्ज कार्टर याने किल्ला शत्रूच्या हाती पडण्याविरुद्ध विमा उतरवला होता. फ्रेंचांनी किल्ला घेतला आणि विमेकरी बोहम याने पैसे नाकारले. कार्टरने किल्ल्याचा दुबळेपणा लपवला, हे त्याचे कारण. १७६६ मध्ये लॉर्ड मॅन्सफील्डने निकाल दिला. विमा घेणाऱ्याने महत्त्वाची माहिती लपवू नये, हे तत्त्व त्या निकालाने पक्के केले. पण खटला जिंकला कार्टरने, कारण विमेकऱ्याला जे ठाऊक होते किंवा ठाऊक असायला हवे होते, त्याचा दोष विमा घेणाऱ्यावर ढकलता येत नाही, हेही मॅन्सफील्डने सांगितले. पुढच्या काळात मात्र पहिला भाग लक्षात राहिला आणि दुसरा फिका पडला. १९०६ च्या मरीन इन्शुरन्स अ‍ॅक्टने, विवेकी विमा कंपनीला जे जे महत्त्वाचे वाटेल ते ते आपणहून सांगायचे ओझे ग्राहकावर टाकले, आणि तो नियम घरगुती विम्यालाही लागू होत राहिला. ड्रमरने कंपनीच्या मनात काय आहे ते ओळखायचे आणि ओळखता आले नाही तर दावा गमवायचा, हा अन्याय होता. २०१२ च्या ग्राहकविमा कायद्याने तो संपवला. एप्रिल २०१३ पासून ग्राहकाचे कर्तव्य एवढेच: चुकीची माहिती जाऊ नये म्हणून रास्त काळजी घ्यायची. प्रश्न नेमका विचारायची जबाबदारी कंपनीची.

चूक झाली तरी सगळे बुडत नाही, हीही त्या कायद्याची मोठी देणगी. उत्तर निष्काळजीपणाने चुकले असेल आणि खरे उत्तर कळते तर कंपनीने पाचशे पौंड हप्ता लावला असता, पण लावला चारशे, तर दाव्याच्या चार पंचमांश रक्कम मिळते. म्हणजे पाच हजारांच्या दाव्यात चार हजार. जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने खोटे सांगितले असेल तर मात्र कंपनी पॉलिसीच रद्द ठरवू शकते. ते सिद्ध करायचा भार कंपनीवर असतो. पण प्रश्न स्पष्ट आणि नेमका होता, तर तो कंपनीला महत्त्वाचा आहे हे ग्राहकाला कळत होते, असेच कायदा धरून चालतो. ‘अर्धवेळ काम करता का?’ या प्रश्नापुढे ‘नाही’वर टिचकी मारणाऱ्या वादकाने ही ओळ पुन्हा वाचावी.

इतके सगळे मान्य करूनही हा युक्तिवाद नेमक्या जागी मोडतो. २०१२ चा कायदा काय सांगितले याबद्दल आहे. काय विकत घेतले, ते तो वाढवत नाही. कंपनीने एकही प्रश्न विचारला नाही असे समजा. तरी पॉलिसीत वापर ‘मौजेखातर’ लिहिलेला आहे आणि गाडी मानधनाच्या कामाला निघाली आहे, तर तो प्रवास विम्याबाहेर पडू शकतो. लपवाछपवीचा प्रश्नच इथे येत नाही. आणि विम्याबाहेरचा प्रवास म्हणजे विम्याविना गाडी चालवणे: जागेवर तीनशे पौंड दंड, परवान्यावर सहा पॉइंट, आणि पोलीस गाडी उचलून नेऊ शकतात. परवाना मिळून दोन वर्षे न झालेल्या चालकाचा परवाना सहा पॉइंटांत रद्द होतो. कॉलेजातल्या बँडचा ड्रमर नेमका याच वयाचा असतो, आणि बँडमध्ये गाडी बहुधा त्याच्याचकडे असते. अपघातात कुणी जखमी झाले तर त्या माणसाला भरपाई मिळायची व्यवस्था कायद्याने केलेली आहे. पण ती रक्कम कंपनी चालकाकडून वसूल करू शकते. पन्नास पौंडांच्या गिगपायी वर्षानुवर्षांचे कर्ज डोक्यावर येऊ शकते.

वाद्यांची बाजूही अशीच बारकाईने पाहावी. घरसामानाच्या पॉलिसीत एका वस्तूसाठी कमाल रक्कम ठरलेली असते, घराबाहेरचे संरक्षण वेगळे घ्यावे लागते, आणि ‘धंद्याचे सामान’ बहुधा वगळलेले असते. त्यात गाडीत राखणीविना ठेवलेल्या सामानाबद्दल कडक अटी. पॉल मॅकार्टनीचा हॅम्बर्गमध्ये घेतलेला हॉफ्नर बास १९७२ मध्ये लंडनच्या नॉटिंग हिल भागात उभ्या व्हॅनमधून चोरीला गेला आणि पन्नास वर्षांनंतर त्याला परत मिळाला. मधल्या काळात तो विकला गेला होता, तेही एका पबच्या मालकाला. मॅकार्टनीला दुसरा बास घेणे अवघड नव्हते. हप्त्याहप्त्याने पैसे साठवून सॅक्सोफोन घेतलेल्या परिचारिकेला तसे म्हणता येत नाही, आणि म्हणून वाद्यांचा वेगळा विमा तिच्यासाठी जास्त गरजेचा आहे.

सांगितल्याने हौशी वादकाला जे मिळते, ते न सांगितल्याने वाचणाऱ्या पैशांहून कितीतरी मोठे आहे. सोयीही आहेत. म्युझिशियन्स युनियनच्या सदस्याला सार्वजनिक दायित्वाचे एक कोटी पौंडांचे संरक्षण सदस्यत्वातच मिळते. हौशी वाद्यवृंद आणि गायकमंडळांसाठी मेकिंग म्युझिक ही संस्था १९३५ पासून काम करते आणि सदस्यगटांना विमा मिळवून देते. ब्रिटनमध्ये गणेशोत्सवात ढोल-ताशे वाजवणाऱ्या मराठी तरुणांनाही हेच लागू आहे. हॉल भाड्याने घेताना दायित्वाच्या विम्याचा कागद मागितला की धावपळ होते. ढोलांनी भरलेल्या गाडीच्या विम्याची आठवण तर कुणालाच होत नाही. उत्सवाच्या तयारीच्या पहिल्याच बैठकीत हे दोन्ही कागद मागितले गेले पाहिजेत.

वादकाने करायचे ते थोडे आहे. वर्षाला साधारण किती गिग, किती अंतरावर, पैसे मिळतात की नाहीत, गाडीत काय सामान असते, सोबत कोण असते, एवढे ईमेलने लिहावे आणि उत्तर लेखी घ्यावे. फोनवरचे ‘हो हो, चालेल’ दाव्याच्या वेळी सापडत नाही. लेखी उत्तर हातात असूनही कंपनी फिरली, तर फायनान्शियल ओम्बड्समन सर्व्हिसकडे विनाशुल्क तक्रार करता येते, आणि तिचा अंतिम निर्णय ग्राहकाने स्वीकारला की तो कंपनीवर बंधनकारक ठरतो.

कंपन्यांनीही आपले अर्ज बदलायला हवेत. व्यवसायांच्या यादीत ‘संगीतकार’ एवढा एकच शब्द ठेवून शनिवारचा ड्रमर आणि वर्षभर दौऱ्यावर असणारा बँड एकाच दराने मोजणे, हेच लोकांना गप्प बसायला शिकवते. ‘तुम्ही छंद म्हणून, अधूनमधून पैसे घेऊन वाजवता का? वर्षातून किती वेळा?’ असा साधा प्रश्न अर्जात घातला तर हजारो वादक खरे उत्तर देतील. २०१२ च्या कायद्याने स्पष्ट प्रश्नाचे वजन त्यांच्याच पारड्यात टाकले आहे. मोघम प्रश्न विचारून दाव्याच्या दिवशी बोट दाखवणाऱ्या कंपनीला ओम्बड्समनसमोर त्या मोघमपणाचा जाब द्यावा लागतो, आणि तो तिला द्यायला लावण्यासाठी वादकाच्या हातात खरे उत्तर दिल्याचा कागद हवा.