विश्लेषण : श्रीलंकेने जवळपास पाच वर्षे गाड्यांची आयात का थांबवली होती?

कासारवाडीच्या नाशिक फाट्यावर जुना मुंबई-पुणे रस्ता आणि भोसरी, मोशीमार्गे चाकणला जाणारा रस्ता वेगळे होतात. एका अंगाला पिंपरी-आकुर्डीचे जुने वाहन कारखाने, दुसऱ्या अंगाला चाकणचे नवे. या फाट्यावर जशी रिक्षा उभी असते तशीच कोलंबोतही पावलोपावली दिसते. रंग तेवढे वेगळे : लाल, हिरवा, निळा. मात्र मार्च २०२० मध्ये श्रीलंकेने वाहनांची आयात बंद केली. खासगी वाहनांसाठी ही बंदी उठायला १ फेब्रुवारी २०२५ उजाडले. कारण एकच, तिजोरीत डॉलर नव्हते.

श्रीलंका नेमकी केवढी?

क्षेत्रफळ सुमारे ६५,६०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जेमतेम एक पंचमांश. लोकसंख्या सुमारे २ कोटी १७ लाख. ब्रिटिशांकडून ४ फेब्रुवारी १९४८ रोजी स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशाचे नाव सिलोन होते, ‘श्रीलंका’ हे नाव १९७२ मध्ये आले. कोलंबो हे व्यापाराचे शहर, तर संसद शेजारच्या श्री जयवर्धनेपुरा कोट्टे येथे आहे. सुमारे तीन चतुर्थांश लोक सिंहली असून त्यांत बहुसंख्य बौद्ध आहेत. त्यांच्याखेरीज श्रीलंकन तमिळ, मुस्लीम आणि चहामळ्यांसाठी ब्रिटिशांनी भारतातून नेलेल्या तमिळ मजुरांचे वंशज आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५० मध्ये बौद्ध परिषदेसाठी याच देशात गेले होते.

सिंहली भाषा तमिळपेक्षा मराठीच्या जवळची आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. गावाला ‘गम’, हाताला ‘अत’, दहाला ‘दहय’. धनुष्कोडीपासून समुद्रमार्गे जेमतेम तीस किलोमीटरवर असलेल्या बेटावर बोलली जाणारी ही भाषा मराठी, हिंदी, बंगालीच्याच कुळातली आहे.

मग संघर्ष कशावरून पेटला?

याच भाषेवरून. १९५६ मध्ये सिंहली ही एकमेव राजभाषा ठरली आणि सरकारी नोकरीची तमिळांची वाट अरुंद झाली. १९८३ पासून सरकार आणि ‘एलटीटीई’ यांच्यात युद्ध पेटले, ते मे २००९ मध्ये संपले. १९८७ च्या राजीव गांधी-जयवर्धने करारानंतर भारताने तिथे शांतिसेना पाठवली. १९९० मध्ये ती परतली तेव्हा सुमारे १,२०० जवान गमावले होते. करारानुसार प्रांतांना द्यायचे अधिकार आजही पूर्णपणे मिळालेले नाहीत. प्रांतिक परिषदांच्या निवडणुका तर कित्येक वर्षे झालेल्या नाहीत.

डॉलर आटले कसे?

श्रीलंकेला परकीय चलन मिळते ते मुख्यतः पर्यटन, परदेशांत काम करणाऱ्यांनी घरी पाठवलेले पैसे, तयार कपडे आणि चहा यांतून. इंधन, औषधे, दूध पावडर आणि वाहने मात्र बाहेरून घ्यावी लागतात. युद्ध संपल्यावर महामार्ग, बंदरे, विमानतळ यांसाठी भरमसाठ कर्जे घेतली गेली. हंबनटोटा बंदर २०१७ मध्ये ९९ वर्षांच्या कराराने चिनी कंपनीकडे गेले, त्याची चर्चा जगभर झाली. पण देश बुडाला तो केवळ चिनी कर्जाने, हे म्हणणे सोपे असले तरी अपुरे आहे. आंतरराष्ट्रीय बाजारात रोखे विकून चढ्या व्याजाने उचललेला पैसा हे त्याहून मोठे ओझे होते.

त्यावर एकामागून एक घाव बसले. एप्रिल २०१९ मध्ये ईस्टरच्या दिवशी झालेल्या बॉम्बस्फोटांत अडीचशेहून अधिक लोक मारले गेले आणि पर्यटक पांगले. वर्षअखेरीस नव्या सरकारने करांत मोठी कपात केली. मग करोना आला. २०१८ मध्ये २३ लाख पर्यटक आले होते, २०२० मध्ये जेमतेम पाच लाख. २०२१ मध्ये रासायनिक खतांवर एका फटक्यात बंदी घालण्याचा निर्णय झाला. भाताचे उत्पादन कोसळले आणि काही महिन्यांतच तो गुंडाळावा लागला. २०१९ अखेर ७.६ अब्ज डॉलर असलेली गंगाजळी एवढी रोडावली की एप्रिल २०२२ मध्ये श्रीलंकेने परकीय कर्जाची परतफेड थांबवत असल्याचे जाहीर केले.

रिक्षावाल्यांचे काय झाले?

श्रीलंकेत ११ लाखांहून अधिक तीनचाकी नोंदल्या गेल्या आहेत आणि त्यांत बजाजचा वरचष्मा आहे. अनेक कुटुंबांची ती एकमेव कमाई. २०२२ च्या उन्हाळ्यात पेट्रोलसाठी दिवसदिवस रांगा लागल्या, चालक रिक्षातच झोपत. नंतर क्यूआर कोड दाखवून पेट्रोल मिळू लागले. तीनचाकीला सुरुवातीला आठवड्याला पाच लिटर. शहरात दिवसभर धंदा करणाऱ्याला ते दोन दिवसही पुरत नाही, हे कोणताही रिक्षाचालक सांगेल. नवी गाडी येत नसल्याने जुन्यांचे भाव आकाशाला भिडले.

झळ इकडेही पोहोचली. आकुर्डीत मुख्यालय असलेल्या बजाज ऑटोची तीनचाकी वाळूजला बनते, मोटारसायकली चाकणला. टाटांचा ‘एस’ हा छोटा टेम्पो २००५ मध्ये आला तेव्हा त्याचे उत्पादन पुण्यात होत होते. श्रीलंकेत तो ‘डिमो बट्टा’ म्हणून घरोघरी परिचित आहे. ग्राहक होते, मागणीही होती. फक्त बिल चुकते करायला त्या देशाकडे डॉलर नव्हते. निर्यातदाराच्या दृष्टीने बाजारपेठ बंद व्हायला तेवढे पुरते.

सत्ता कशी पालटली?

जुलै २०२२ मध्ये आंदोलक राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात घुसले आणि गोटाबाया राजपक्षे देश सोडून गेले. रनिल विक्रमसिंघे यांनी सूत्रे घेतली. त्या वर्षी भारताने सुमारे चार अब्ज डॉलरची मदत केली. मार्च २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने सुमारे तीन अब्ज डॉलरचे कर्ज मंजूर केले, त्याच्या बदल्यात कर आणि वीजदर वाढले. सप्टेंबर २०२४ मध्ये अनुरा कुमारा दिसानायके राष्ट्राध्यक्ष झाले. आधीच्या संसदेत अवघ्या तीन जागा असलेल्या त्यांच्या आघाडीने नोव्हेंबरमध्ये २२५ पैकी १५९ जागा जिंकल्या. त्यांच्या पक्षाचा इतिहास भारतविरोधी राहिलेला असूनही पहिला परदेश दौरा त्यांनी दिल्लीचाच केला.

आता गाड्यांची आयात टिकेल का?

गंगाजळी २०२४ अखेर सहा अब्ज डॉलरवर गेली, म्हणून दार उघडले. तेही किलकिलेच, कारण वाहनांवर जबर कर आहेत. २०२५ मध्ये वाहन आयातीवर सुमारे एक अब्ज डॉलर खर्च होतील, असा तेथील मध्यवर्ती बँकेचा सुरुवातीचा अंदाज होता. त्यातच नोव्हेंबर २०२५ अखेर ‘दितवा’ चक्रीवादळाने सहाशेहून अधिक बळी घेतले, रस्ते आणि लोहमार्ग उखडले. दुरुस्तीचे साहित्यही डॉलर मोजूनच आणावे लागते. फेररचना झालेल्या परकीय कर्जांचे मोठे हप्ते २०२८ पासून सुरू होतात. त्यासाठी डॉलर साठवायचे की गाड्या येऊ द्यायच्या, हा प्रश्न कोलंबोला तोवर दर अर्थसंकल्पात सोडवावा लागेल. चाकणच्या निर्यात विभागांचे त्याकडे लक्ष असेल.