उजवीकडे म्हणजे कोणाच्या उजवीकडे?

गेल्या महिन्यात आपांचा फोन आला. "तुमचा भाचा इशानंतर हेडफोन लावून बसतो आणि मध्यरात्रीपर्यंत ओरडत सुटतो. तुम्ही शिक्षक ना, जरा समजावा त्याला." आम्ही समजवायलाच गेलो होतो. पण मुलाला बोल लावण्याआधी त्याची वही बघायची ही शाळेतली सवय. स्टूल ओढून दोन तास त्याच्या शेजारी बसलो.

खेळाचे नाव 'स्क्वॉड'. कॅनडातल्या कंपनीचा. दोन्ही बाजू मिळून शंभरेक मुले इंटरनेटवरून लढतात. त्यात मॉर्टर, म्हणजे उखळी तोफ असते. ती टेकडीमागे लपलेली, त्यामुळे तोफेवरच्या मुलाला शत्रू दिसतच नाही. दिसतो तो पुढे गवतात पडून दुर्बीण लावलेल्या टेहळ्याला. तो सांगेल त्यावर हा नेम धरतो. गोळा हवेत पंधरा-वीस सेकंद असतो. एकदा सुटला की परत बोलावता येत नाही.

भाचा टेहळ्या होता, त्याचा शाळेपासूनचा दोस्त तोफेवर. आमच्यादेखतच गोळे आपल्याच चार मुलांवर पडले. मग "तूच बोललास", "तूच नीट ऐकलं नाहीस" सुरू झाले, दोघे खेळ सोडून उठले. दुसऱ्या दिवशी कॉलेजातही एकमेकांशी बोलले नाहीत, असे आपांनी कळवले. आम्हाला त्या ओरडण्यापेक्षा ही गोष्ट जास्त लागली.

रविवारी दोघांनाही आपांच्या घरी चहाला बोलावले आणि कोण काय बोलले ते क्रमाने वहीत लिहायला लावले. आलेल्या खबरीची शहानिशा करा, ही सूरह हुजुरातमधली ताकीद दोघांनाही माहीत आहे. तोफ डागताना मात्र ती आठवली नव्हती.

पहिली चूक आकड्याची निघाली. भाचा बोलला 'उनासी', म्हणजे 79. दोस्ताने ऐकले 'नवासी', म्हणजे 89. उर्दू माध्यमाच्या वर्गात ही गल्लत आम्ही वर्षानुवर्षे तपासत आलो आहोत, आणि मराठीतले एकोणऐंशी-एकोणनव्वद काही फार सोपे नाहीत. दिशेत 10 अंशांचा फरक, लक्ष्य टेहळ्यापासून 600 मीटरवर. दोघांनाच हिशोब करायला लावला. गोळा सुमारे 105 मीटर बाजूला जाणार! तेव्हापासून आकडे सुटे बोलायचे ठरले : सात-नऊ. आणि ऐकणाऱ्याने ते परत म्हणून दाखवल्याशिवाय तोफेला हात लावायचा नाही.

दुसरी चूक 'थोडा राइट'ची. इथे आम्ही जेवणाच्या टेबलावर मीठदाणी ठेवली, तिच्या एका बाजूला भाच्याला बसवले, समोर दोस्ताला. "आता मीठदाणीच्या उजवीकडे बोट ठेवा." दोघांची बोटे दोन दिशांना गेली. आपा स्वयंपाकघराच्या दारातून हसल्या. खऱ्या फौजेत दुरुस्ती टेहळ्याच्या नजरेच्या रेषेवरून सांगतात आणि तोफेकडचा माणूस आपला हिशोब बदलून घेतो. या पोरांसाठी त्याहून सोपे म्हणजे होकायंत्र. तो दोघांच्याही पडद्यावर आहे, आणि उत्तर सगळ्यांची एकच. 'थोडा' हा शब्द तर बंदच केला. किती मीटर ते सांगायचे.

हे मीटरही भाचा भीत भीत, दहा-दहाने सांगत होता. तोफखान्याची जुनी रीत उलटी आहे. गोळा अलीकडे पडला तर पुढचा मुद्दाम 200 मीटर पलीकडे टाकायचा, मग 100 अलीकडे, मग 50. लक्ष्य दोन गोळ्यांच्या मध्ये पकडून अंतर निम्मे करत आणायचे. दोन-चार गोळ्यांत काम होते.

पण मुले मेली ती तिसऱ्या चुकीने. दोस्ताचे बोलणे तुटक आले म्हणून भाचा म्हणाला, "रिपीट, रिपीट." इंग्रजी रेडिओबोलीत तोफखान्याला 'रिपीट' म्हटले की त्याचा अर्थ होतो : त्याच जागी पुन्हा डागा. बोलणे पुन्हा हवे असेल तर 'से अगेन' म्हणतात. दोस्त ही बोली शिकलेला, त्याने इमानदारीने पुन्हा डागले. आणि पहिले गोळे पडून गेले असे समजून आपली चार मुले तोवर तिथे शिरली होती. म्हणजे दोघेही आपापल्या जागी खरे होते! हे कळल्यावर दोघे पहिल्यांदा एकमेकांकडे बघून हसले.

भाचा म्हणाला, "मामू, खेळच आहे, मेलेला अर्ध्या मिनिटात उठतो." तेव्हा आम्ही त्यांना साराजेवोच्या मार्काले बाजाराचे सांगितले. 5 फेब्रुवारी 1994, शनिवार, बाजारात गर्दी. मॉर्टरचा एक गोळा पडला, 120 मिलिमीटरचा. 68 माणसे गेली. तिथे ऐकण्यात चूक झाली नव्हती. तो जाणूनबुजून नागरिकांवर डागला होता, असे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने पुढे ठरवले. मुलांना भीती घालायला आम्ही हे सांगितले नाही. हातातले खेळणे कशाची नक्कल आहे ते त्यांना माहीत असावे, एवढेच. दोघे बराच वेळ गप्प होते.

मग दोस्तानेच एका कागदावर क्रम लिहिला : आधी जागा, मग तिथे काय आहे, मग किती गोळे, आणि शेवटी 'आपली माणसे कुठे?' शेवटच्या ओळीचे उत्तर आल्याशिवाय गोळा सोडायचा नाही, हे त्याचेच. जागा सांगायला नकाशावर 300 मीटरचे चौकोन आहेत, त्या प्रत्येकाचे कीबोर्डच्या उजवीकडल्या आकड्यांच्या बटणांसारखे नऊ भाग होतात, त्यांचे पुन्हा नऊ. म्हणजे 33 मीटरपर्यंत नेमके बोलता येते. ही सोय पहिल्यापासून होती, कोणी वापरत नव्हते.

परवा पुन्हा जाऊन बसलो. "से अगेन" दोनदा ऐकले, 'थोडा' एकदाही नाही. एकदा भाच्याने समोर शत्रू दिसत असूनही तोफ थांबवली, कारण शेवटच्या ओळीला कोणी उत्तर दिले नव्हते. तो डाव ते हरले. आपांनी रात्री अकराची मर्यादा घातली आहे. त्या दिवशी अकरा वाजून दहा मिनिटे झाली होती.