चेंडू एकट्याने धरू नये



आजवर या सदरातून आपण आहार, झोप, गुडघेदुखी आणि औषधांच्या वेळा यांविषयी बोललो. आजचा विषय थोडा वेगळा आहे : फुटबॉल. अल्लीपूरसारख्या कापूस-सोयाबीनच्या गावात बसून एका वृद्धाने या खेळावर काय लिहावे, असे आपल्याला वाटेल. परंतु शुश्रूषेविषयीचा सर्वांत उपयोगी धडा मला याच खेळाने दिला, आणि तो मिळाला त्या वेळी मला त्याची अत्यंत निकड होती.

2022 च्या पोळ्यानंतर थोड्याच दिवसांत माझ्या पत्नीला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाणी अडखळू लागली. रुग्णालयातून घरी आणल्यावर तिचे सारे मीच करायचे, असा मी निश्चय केला. स्नान, भरवणे, दर दोन तासांनी कूस बदलणे, रात्रीचे जागरण, सर्व काही. सूनबाई पुढे आली की मी म्हणे, "तुला तुझी शाळा आहे, राहू दे." मुलाने हात लावला की म्हणे, "तुला जमायचे नाही." या हट्टाला मी प्रेम समजत होतो. तीन महिन्यांत माझे वजन उतरले, रक्तदाब वाढला, आणि डिसेंबरच्या सुरुवातीच्या एका पहाटे तिला उठवून बसवताना मला भोवळ आली. पलंगाचा कठडा हाती लागला म्हणून दोघेही वाचलो. ही गोष्ट मी घरात कोणालाही सांगितली नाही.

18 डिसेंबरला, रविवारी रात्री, विश्वचषकाचा अंतिम सामना होता : अर्जेंटिना विरुद्ध फ्रान्स. नातवाने हट्टाने आजीची खुर्ची दूरचित्रवाणीसमोर आणली आणि मलाही बसवले. मला त्या खेळातले फारसे कळत नव्हते. छत्तिसाव्या मिनिटाला अर्जेंटिनाचा दुसरा गोल झाला. मेस्सीने एका हलक्या स्पर्शाने चेंडू अल्वारेझकडे दिला, त्याने तो पुढे मॅक अ‍ॅलिस्टरकडे धाडला. आता समोर केवळ गोलरक्षक होता. तरीही मॅक अ‍ॅलिस्टरने चेंडू डावीकडून धावत येणाऱ्या डी मारियाला दिला, आणि त्याने गोल केला.

मी नातवाला विचारले, "अरे, हा स्वतःच मारू शकत होता की!"

तो म्हणाला, "मारू शकत होता, आबा. पण दुसऱ्याला जास्त मोकळी जागा होती ना!"

तो सहज बोलून गेला आणि पुन्हा खेळात रमला. माझे मात्र पुढचे लक्ष उडाले. गेले तीन महिने चेंडू मी एकट्याने पायाशी धरून ठेवला होता. ज्यांना मोकळी जागा होती ती माणसे याच घरात, माझ्या दोन्ही बाजूंना उभी होती. सामना संपल्यावर मी मुलाला त्या पहाटेची भोवळ सांगितली. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग एवढेच म्हणाला, "बाबा, हे आधी सांगायला हवे होते."

दुसऱ्या दिवशी सुनेने सासूबाईंना न्हाऊ घातले आणि केस विंचरून नीट वेणी घातली. पत्नी आरशात पाहून हसली. तीन महिने तिची वेणी कोणी घातली नव्हती. मला ती येत नव्हती आणि तिने मागितली नव्हती. माझ्या निःस्वार्थ सेवेत तिला काय हवे, हे विचारायचेच राहून गेले होते.

वाचकहो, निःस्वार्थ म्हणजे सर्व भार स्वतः उचलणे नव्हे. पुष्कळदा त्यात 'माझ्यावाचून चालत नाही' असा सूक्ष्म अहंकार दडलेला असतो. त्या विश्वचषकात प्रत्येक संघाला 26 खेळाडू नेण्याची आणि नेहमीच्या वेळेत 5 खेळाडू बदलण्याची मुभा होती. गोल करणाऱ्या डी मारियालाही उत्तरार्धात बाहेर बोलावण्यात आले. पुढे फ्रान्सने बरोबरी साधली, जादा वेळेनंतरही 3-3 असा गुणफलक राहिला आणि पेनल्टीत अर्जेंटिनाने 4-2 असा विजय मिळवला. तेव्हा बाहेर बसलेला डी मारियाही तितकाच विजेता होता. शुश्रूषा करणाऱ्याने विश्रांतीला जाणे म्हणजे पळ काढणे नव्हे, हे मी त्या रात्री शिकलो.

आपल्यापैकी अनेक जण म्हणतील, "आमच्याकडे संघ आहेच कुठे? मुले पुण्याला, घरी आम्ही दोघेच." त्यांना आपल्या शेजारच्या नागपूरचे उदाहरण सांगतो. हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांना एकदा पावसात झोपडपट्टीतली काही मुले तुटकी बादली लाथाडत खेळताना दिसली. त्यांनी त्या मुलांना चेंडू दिला. 2001 मध्ये सुरू झालेल्या त्या प्रयत्नातून 'स्लम सॉकर' ही संस्था उभी राहिली आणि तिथले खेळाडू बेघरांच्या विश्वचषकापर्यंत पोहोचले. संघ आयता मिळत नाही. जी माणसे समोर आहेत, त्यांच्यातूनच तो उभारावा लागतो. शेजारची मुलगी तासभर बसू शकते. औषध दुकानदार महिन्याची औषधे घरपोच पाठवू शकतो. आशाताई रक्तदाब कुठे तपासून मिळेल ते सांगतात. दूरची मुलगी रोज ठरलेल्या वेळी दूरध्वनीवरून आईला बोलते करू शकते. अडखळणाऱ्या वाणीला तो मोठा व्यायाम आहे. मात्र मोघम मदत मागू नये. काम आणि वेळ नेमकी सांगावी.

आमच्या घरी आता एक वही आहे. औषध केव्हा दिले, कूस केव्हा बदलली, पाठीवर वा टाचेवर लाली दिसली का, हे ज्याने केले त्याने तिथे लिहायचे. भरवताना तिला ताठ बसवायचे, घास लहान द्यायचा, आणि नंतरही अर्धा तास आडवे करायचे नाही, हा नियम सर्वांना सारखा. वहीमुळे माणूस बदलला तरी काळजीत खंड पडत नाही.

आणखी एक प्रसंग सांगितल्याविना राहवत नाही. 12 जून 2021 रोजी कोपनहेगन येथे डेन्मार्क-फिनलंड सामन्यात ख्रिस्तियन एरिक्सन हा खेळाडू मैदानावरच कोसळला. त्याचे हृदय बंद पडले होते. कर्णधार सिमोन केअर त्याच्याकडे धावला. डॉक्टरांनी छाती दाबण्यास आरंभ केला आणि विजेचा झटका देणारे यंत्र वापरले. सहकारी खेळाडू त्याच्याभोवती कडे करून, पाठमोरे उभे राहिले, जेणेकरून त्या अवस्थेत त्याला कोणी पाहू नये. केअरने त्याच्या सहचारिणीला धीर दिला. एरिक्सन वाचला, आणि पुढल्याच वर्षी विश्वचषकात खेळला. काहींच्या हातांनी जीव राखला, काहींच्या पाठींनी त्याची अब्रू राखली. घरातल्या रुग्णाचे कपडे बदलताना दार लोटून घेणे, हे त्याच कड्याचे घरगुती रूप आहे.

असा प्रसंग घरीही येऊ शकतो. माणूस हाक देऊनही हालत नसेल आणि त्याचा श्वास थांबला असेल किंवा नुसती धाप लागल्यासारखा अधूनमधून येत असेल, तर एकाने तत्काळ 108 क्रमांकाला दूरध्वनी करावा. दुसऱ्याने त्याला कठीण जागेवर उताणे निजवून छातीच्या मध्यभागी दोन्ही तळवे एकावर एक ठेवावेत आणि कोपरे सरळ राखून, मिनिटाला 100 ते 120 या गतीने, 5 ते 6 सेंटीमीटर खोल दाबावे. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. दर दोन मिनिटांनी दाबणारा माणूस बदलावा, कारण बळकट तरुणाचे हातही तेवढ्यात थकतात आणि दाब उथळ होतो. हे केवळ वाचून येत नाही. जवळच्या रुग्णालयात किंवा प्रशिक्षण शिबिरात घरातल्या किमान दोघांनी ते शिकून घ्यावे.

पत्नी आता काठी घेऊन ओसरीपर्यंत येते. निवडलेली डाळ डाव्या हाताने डब्यात भरते, कारण संघात तिलाही काम हवे होते. मी दुपारी दोन तास झोपतो. आपल्या घरात चेंडू कोणाच्या पायाशी अडकला आहे, हे आज सायंकाळी सर्वांनी मिळून एकदा पाहावे. तो आपल्याच पायाशी असेल, तर बाजूला कोण उभे आहे तिकडे मान वळवून बघावे.