पाय राहतील ना?

छातीतून पोटात उतरणाऱ्या महाधमनीला फुगवटा आलेल्या आमच्या एका स्नेह्यांनी शस्त्रक्रियेपूर्वी विचारले, “गुरुजी, प्राण वाचेल, पण पाय राहतील ना?” प्रश्न रास्तच होता. मज्जारज्जूला मिळणारे बरेचसे रक्त महाधमनीच्याच शाखांतून येते. ती चिमट्याने बंद करताच खालचा रक्तदाब उतरतो, कण्यातील द्रवाचा दाब चढतो आणि रज्जू उपाशी राहतो. म्हणून कमरेतून बारीक नळी घालून तो द्रव थोडाथोडा काढतात. ह्यूस्टनमधील १४५ रुग्णांवरील, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नळीविना १३ टक्के, तर नळीसह २.६ टक्के रुग्णांचे पाय लुळे वा दुबळे झाले. नळीचेही धोके आहेत. म्हणून शल्यविशारदांना आधीच निःसंकोच विचारावे. शस्त्रक्रियेनंतर पाय जड वाटल्यास मात्र तत्क्षणी सांगावे. तेव्हाही ते वाचू शकतात.